वाचक विचारतात : पेडल स्टील गिटारला कोणते इफेक्ट्स जोडावेत आणि कोणत्या क्रमाने?

पेडल स्टील गिटार आपल्याकडे दुर्मीळच आहे. तरीही वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवरून या वाद्याच्या जोडणीविषयी, म्हणजे पिकअपमधून (तारांचे कंपन विजेत उतरवणाऱ्या भागातून) निघालेला आवाज अॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचेतो वाटेत काय असावे आणि काय नसावे याविषयी, पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार अनेकांनी पाहिली असेल. वॅन शिपले यांनी तिच्यावर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या जुन्या श्रोत्यांना आठवत असतील. पेडल स्टील हे त्याच कुळातले, पण स्वतःच्या पायांवर उभे राहणारे वाद्य आहे. त्याची पेडल्स डाव्या पायाने दाबून आणि लिव्हर गुडघ्यांनी सरकवून, वाजत असलेल्या स्वरसमूहातील एखाद-दुसरी तार तेवढी चढवता किंवा उतरवता येते. उजवा पाय मात्र या कामात सहसा नसतो. तो व्हॉल्यूम पेडलवर असतो, आणि पुढील बहुतेक उत्तरे त्या पायापाशीच येऊन थांबतात.

प्रश्न : जहाजावरील नोकरीतून निवृत्त होताना मी परदेशातून दहा तारांचे, ई-नाइन पद्धतीने जुळवायचे जुने पेडल स्टील आणले. घरातल्या लहान गिटार अॅम्पला ते थेट जोडून वाजवतो. डिले, रिव्हर्ब, कोरस, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह आणि इक्वलायझर अशी यादी तयार केली आहे. यांतले आधी काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने जोडावे? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : आपल्या यादीत व्हॉल्यूम पेडलच नाही, आणि पहिली खरेदी नेमकी तीच असायला हवी. साध्या गिटारवर व्हॉल्यूम पेडल ही एक सोय असते, पेडल स्टीलवर तो वाद्याचाच भाग आहे. तार छेडली की आवाज पहिल्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि तेथून तो उतरतच जातो. जाणता वादक तार छेडताना पेडल निम्म्यावर किंवा त्याहूनही मागे ठेवतो आणि आवाज उतरू लागला की पाय हळूहळू पुढे दाबत नेतो. त्यामुळे तारेची आस, म्हणजे स्वर रेंगाळण्याचा काळ, लांबते आणि मींड संपेपर्यंत स्वराचे वजन कायम राहते. नवशिके बहुधा प्रत्येक स्वर शून्यातून फुगवत वर आणतात. एखाद्या ओळीला ते शोभते, गाणेभर तेच केले तर ऐकणारा कंटाळतो. नखीचा आघात कानावर आलाच पाहिजे; पाय त्या आघातानंतरच्या कामासाठी आहे.

पायाचे हे काम लक्षात घेतले की बाकीचा क्रम फारसा पाठ करावा लागत नाही. डिले (स्वर ठरावीक अंतराने पुन्हा ऐकवणारे यंत्र) आणि रिव्हर्ब (आवाजाला घुमी देणारे यंत्र) व्हॉल्यूम पेडलच्या पुढे, म्हणजे अॅम्पच्या बाजूला, ठेवावेत; असे केले म्हणजे पाय मागे घेतल्यावर नवा आवाज थांबतो, पण आधीच्या स्वराची प्रतिध्वनींची शेपटी आपल्या गतीने विरत जाते. हीच यंत्रे पेडलच्या अलीकडे ठेवली तर पायासोबत ती शेपटीही कापली जाते आणि दार धाडकन लावल्यासारखे ऐकू येते. आवाज खरखरीत करणारा ओव्हरड्राइव्ह वापरणारच असाल तर तो सहसा पेडलच्या अलीकडे येतो. त्याची कारणे दापोलीच्या पत्राच्या उत्तरात दिली आहेत. थोडक्यात, वाद्य, बफर (पिकअपवरचे ओझे काढून घेणारे छोटे यंत्र), ओव्हरड्राइव्ह, व्हॉल्यूम पेडल, डिले, रिव्हर्ब आणि मग अॅम्प अशी सर्वमान्य म्हणता येईल अशी रांग आहे.

खरेदीचे म्हणाल तर व्हॉल्यूम पेडलनंतर चांगल्या, गरजेपुरत्याच लांबीच्या केबल्स घ्याव्यात आणि त्यानंतर एक डिले. अॅम्पमध्ये रिव्हर्ब असेल तर वेगळा घेण्याची घाई नको. इक्वलायझरचे, म्हणजे आवाजातील खर्ज, मध्य आणि तार भाग कमी-जास्त करण्याचे, बरेचसे काम अॅम्पवरच्या बटणांनी भागते. कोरसचे आमचे मत स्पष्ट आहे : तो यादीतून काढावा. या वाद्याला स्वरपट्ट्या नाहीत. सूर डाव्या हातातील पोलादी दांडीच्या जागेवर ठरतो आणि त्यावरचा कंपही त्याच हाताचा असतो. कोरस त्या सुरात स्वतःचे चढउतार मिसळतो, आणि मग आपण सुरात आहोत की नाही हे वादकालाच नीट कळेनासे होते.

प्रश्न : माझ्याकडे साधा, बॅटरी किंवा अडॅप्टर न लागणारा व्हॉल्यूम पेडल आहे. तो मागे घेतला की आवाज नुसता लहान होत नाही, घोंगडीखालून आल्यासारखा मंदही होतो. दुकानदार पिकअप बदलायला सांगतात. बदलावा का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बदलू नये. पिकअप बदलून हा दोष जाणार नाही, कारण तो पिकअप आणि पेडल यांच्या जोडीत आहे.

पेडल स्टीलच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये तांब्याच्या तारेचे वेढे फार असतात. बहुतेकांचा विद्युतरोध १७ ते २० किलो-ओहमच्या आसपास भरतो, तर साध्या सिंगल कॉइल गिटार पिकअपचा ६-७ किलो-ओहम असतो. अशा पिकअपपुढे जेवढे ओझे टाकावे तेवढा त्याचा वरच्या पट्टीतला उजाळा कमी होतो, आणि साध्या व्हॉल्यूम पेडलमधील ५०० किलो-ओहमचा पॉट (पायाबरोबर कमी-जास्त होणारा रोध) हे तसले ओझेच आहे. ही झाली पहिली गळती. दुसरी गळती पेडलच्या पुढे आहे आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. पॉटचा सरकता काटा अशा जागी आला की त्याच्या दोन्ही बाजूंना २५०-२५० किलो-ओहम उरतात, तेव्हा पुढच्या केबलला आवाज १२५ किलो-ओहमच्या आडून मिळतो. केबलच्या प्रत्येक मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) धरली तर पाच मीटर केबलची ५०० होते. हा रोध आणि ही कपॅसिटन्स मिळून सुमारे २५०० हर्ट्झच्या वरचा सगळा भाग उतरवू लागतात. नखीचा लखलखीतपणा आणि बारीक तारेची धार नेमकी त्याच भागात असते. पाय पूर्ण पुढे असताना ही दुसरी गळती जवळजवळ नसते, म्हणून आपल्याला पायाबरोबर आवाजाचा रंगही बदललेला ऐकू येतो.

खात्री करून घ्यायची असेल तर वाद्य आधी मीटरभर केबलने थेट अॅम्पला जोडावे आणि तिसरी तार छेडावी. ई-नाइनमध्ये सर्वांत बारीक तार पहिली नसून तिसरी असते, आणि उजाळा हरवल्याचे तिच्यावर लगेच कळते. मग पेडल मध्ये जोडून पाय पूर्ण पुढे ठेवून तीच तार ऐकावी, आणि शेवटी पाय निम्म्यावर आणून अॅम्पचा आवाज तेवढाच वाढवून ऐकावी. पहिल्या आणि दुसऱ्या ऐकण्यात पडलेला फरक ही पहिली गळती, दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक ही दुसरी.

उपाय तीन आहेत. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पेडलनंतरची केबल शक्य तितकी आखूड करून तिच्या टोकाला लगेच बफर असलेला एखादा इफेक्ट ठेवणे. बंद असतानाही ज्यांचा बफर चालू राहतो असे डिले पेडल बाजारात पुष्कळ आहेत. दुसरा उपाय म्हणजे वाद्यालगतच बफर लावून पुढे २५ किलो-ओहमचा पेडल वापरणे. बफर पिकअपवरचे ओझे काढून घेतो, आणि लहान रोधाच्या पॉटमागून केबलला आवाज देताना वरचा भाग गळत नाही. नुसता बफर वाद्यालगत लावून पेडल मात्र जुनाच ५०० किलो-ओहमचा ठेवला तर पहिली गळती थांबते, दुसरी तशीच राहते. अनेकांची निराशा येथेच होते. तिसरा उपाय म्हणजे विजेवर चालणारा सक्रिय पेडल. अमेरिकेतील हिल्टनसारख्या पेडलमध्ये पॉटऐवजी प्रकाशावर चालणारी रचना असते, त्यामुळे रंगही बदलत नाही आणि पॉट झिजून खरखरही होत नाही. किंमत मात्र त्या मानाने असते.

एक सावधगिरी बाळगावी. कीबोर्डसाठी विकले जाणारे कमी रोधाचे पेडल बफरशिवाय पेडल स्टीलला कधीही लावू नयेत, आवाज पडलेला आणि मुका येईल. बॉस या कंपनीच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये नावाच्या शेवटी एच असलेला गिटारसाठी आणि एल असलेला कीबोर्डसाठी असतो. दोन्ही दिसायला जवळपास सारखे असतात, म्हणून खोक्यावरचे अक्षर वाचूनच पैसे द्यावेत.

प्रश्न : चर्चमधील गायनवृंदाला मी पेडल स्टीलवर साथ करतो. गीते संथ असतात. उंच छतामुळे आवाज आधीच घुमतो. डिले आणि रिव्हर्ब किती ठेवावा? (एक वादक, वसई)

उत्तर : रिव्हर्ब बंद ठेवावा. जी वास्तू स्वतः दोन-तीन सेकंद घुमते तिच्यात यंत्राची घुमी मिसळली की शब्द बुडतात, आणि अशा गीतांत शब्दच प्रमुख असतात. डिलेचे तसे नाही. डिले स्वर पसरवत नाही, ठरावीक अंतराने त्याची पुन्हा आठवण करून देतो, म्हणून अगदी थोड्या प्रमाणात तो घुमणाऱ्या जागेतही चालतो.

अंतर ठरवायला साधा भागाकार पुरतो : ६०,००० ला मिनिटातील ठोक्यांनी भागले की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. गीताची लय मिनिटाला ७२ ठोके असेल तर एक ठोका सुमारे ८३३ मिलिसेकंदांचा होतो आणि त्याचा निम्मा ४१७ चा. यातला निम्मा घ्यावा, पुनरावृत्ती एक किंवा फार तर दोन ठेवाव्यात, आणि प्रतिध्वनीची पातळी इतकीच असावी की तो चालू आहे हे कोणाच्या ध्यानात येऊ नये. बंद केल्यावर मात्र काहीतरी कमी झाल्यासारखे वाटावे.

पातळी कमी ठेवण्याचे आणखी एक कारण या वाद्यापुरते खास आहे. पेडल स्टीलवर बहुतेक स्वर घसरत येतात. तुम्ही पंचमावर पोहोचलेले असता आणि डिले मात्र तुम्हाला वाटेवरच्या सगळ्या श्रुती परत ऐकवत असतो. प्रतिध्वनी मोठा असेल तर त्या उरलेल्या श्रुती नव्या स्वराशी भांडतात आणि वादक बेसूर वाटतो. ज्या डिलेत प्रतिध्वनीचा वरचा भाग कमी करण्याचे बटण असते तो घ्यावा. प्रतिध्वनी जरा मळकट असला की तो मूळ स्वराच्या मागे राहतो. जुन्या धर्तीच्या अॅनालॉग डिलेत हा मळकटपणा अंगचाच असतो. जागा न घुमणारी, पडदे-गालिचे असलेली असेल तेव्हा रिव्हर्ब वापरायला हरकत नाही, आणि तो डिलेनंतरच असावा.

प्रश्न : आस वाढवण्यासाठी कॉम्प्रेसर घ्यावा का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : आस वाढवणारा कॉम्प्रेसर आपल्या उजव्या पायात आहे. व्हॉल्यूम पेडलनंतर कॉम्प्रेसर लावला तर पाय आवाज वाढवू पाहतो तेव्हा यंत्र तो दाबते आणि पाय कमी करतो तेव्हा यंत्र तो उचलते. पैसे देऊन आपलीच मेहनत पुसून घेण्यासारखे आहे. जलद, तुटक चालींसाठी पेडलच्या अलीकडे हलका कॉम्प्रेसर लावणारे वादक आहेत, पण ती नंतरची गोष्ट.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयीन बँडमध्ये मी स्टीलला ओव्हरड्राइव्ह लावतो. एकेरी तार छान वाजते, पण तीन तारा एकत्र छेडल्या की चिखल होतो. (एक वाचक, दापोली)

उत्तर : दोन स्वर एकाच वेळी ओव्हरड्राइव्हमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. षड्ज-पंचमासारख्या सरळ नात्यातून निघणारे हे जादा स्वर मूळ स्वरांशी जुळतात. तीन-चार तारांच्या समूहातून निघणारे जुळत नाहीत, आणि त्यालाच आपण चिखल म्हणता. म्हणून एकेरी तार, षड्ज-पंचम आणि फार तर नीट जुळवलेला षड्ज-गंधार एवढ्यावर भागवावे. पिकअप मुळातच जोरकस असल्याने गेनचे (खरखरीतपणा वाढवण्याचे) बटण गिटारवादक ठेवतो त्याहून बरेच खाली ठेवावे. स्टीलला असा आवाज देण्यात नवल काही नाही. फ्लाइंग बुरिटो ब्रदर्स या अमेरिकन कंट्री-रॉक गटात ‘स्नीकी’ पीट क्लाइनो १९६९ च्या सुमारासच स्टीलवर फझ (ओव्हरड्राइव्हचाच अधिक खरखरीत प्रकार) वापरत होते, आणि त्यांच्या वादनात त्या आवाजासाठी बहुधा मोजक्याच तारा असतात.

ओव्हरड्राइव्ह व्हॉल्यूम पेडलच्या अलीकडे ठेवला तर खरखरीतपणा सारखा राहतो आणि पाय फक्त आवाज लहान-मोठा करतो. पलीकडे ठेवला तर पाय मागे असताना स्वच्छ आणि पुढे नेला की खरखरीत असा फरक मिळतो. दुसरी रचना मोहक वाटते. पण आवाज लहान-मोठा करायला पाय हलला की खरखरीतपणाही बदलतो, हे तिचे दुसरे टोक आहे. बँडमध्ये पहिलीच रचना ठेवावी असे आमचे मत आहे.

प्रश्न : गणेशोत्सवात मांडवात वाजवताना स्टीलमधून सतत घरघर येते. घरी ती नसते. साउंडवाला म्हणतो, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. काढावी का? (एक वादक, चिपळूण)

उत्तर : कोणत्याही परिस्थितीत काढू नये. या वाद्यात दांडी, तारा, पेडल्स आणि बहुतेक सांगाडा धातूचा असतो आणि वादकाचे दोन्ही हात सतत धातूला लागलेले असतात. भाद्रपदात मांडवाची जमीन ओलसर असते, वादक कित्येकदा अनवाणी असतो. अॅम्पमध्ये दोष उद्भवला तर अर्थिंग हीच वादकाची सुटका असते. शक्य असेल तेथे मंडळाकडून ३० मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच (आरसीसीबी) बसवून घ्यावा. त्याचा खर्च रोषणाईच्या खर्चापुढे काहीच नसतो.

घरघरीचा माग काढताना आधी व्हॉल्यूम पेडल पूर्ण मागे घ्यावा. घरघर थांबली तर ती पेडलच्या अलीकडून, म्हणजे बहुधा पिकअपमधून येते. सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरची, डिमरची आणि दिव्यांच्या माळांची चुंबकीय घरघर थेट उचलतो. तिची तीव्रता पिकअपच्या दिशेवर अवलंबून असते. मांडवात वाद्य लावताना अॅम्प चालू ठेवून, वाद्य सावकाश थोडे थोडे वळवत घरघर कुठे कमी होते ते पाहावे आणि तेथेच बैठक पक्की करावी. प्रेक्षकांकडे तोंड किंचित तिरके झाले तरी चालेल. अॅम्प आणि पेडल्सचा अडॅप्टर पिकअपपासून हातभर तरी दूर असावेत.

पेडल मागे घेऊनही घरघर राहिली तर ती पुढच्या यंत्रांतून किंवा दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे येते. अॅम्प एका फेजवरील बोर्डावर आणि मिक्सर जनरेटरच्या दुसऱ्या वायरीवर असेल तर असे हमखास होते. दोन्ही एकाच बोर्डावर आणावेत. ते जमत नसेल तर अॅम्प ते मिक्सर या वाटेवर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (आवाज मिक्सरला जुळवून देणारा डबा) लावून त्याचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे. आवाजाच्या तारेतले ग्राउंड तोडता येते, विजेच्या तारेतले नाही. सगळे इफेक्ट्स एकाच अडॅप्टरवरून साखळीने चालवल्यास डिजिटल डिलेची बारीक शिट्टी ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते, म्हणून प्रत्येकाला वेगळा, अलग केलेला नऊ व्होल्टचा पुरवठा देणारा डबा घ्यावा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र काहीही केले तरी गुणगुण राहील.

कोकणातली आणखी एक अडचण येथेच नोंदवायला हवी. जांभ्याच्या कातळात पुरलेली अर्थिंगची सळई कोरड्या दिवसांत नीट काम करत नाही. घरात उन्हाळ्यातच घरघर वाढत असेल तर वाद्य उघडण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून पाहावे, आणि फरक पडला तर इलेक्ट्रिशियनकडून खड्डा पुन्हा भरून घ्यावा.

प्रश्न : भजनाला पेटीबरोबर वाजवतो. ट्यूनरवर सगळ्या तारा बरोबर दाखवतात, तरी एकटे वाजवताना मेजर कॉर्ड कडवट लागतो. ट्यूनर बदलावा का, आणि तो साखळीत कुठे लावावा? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : ट्यूनर बरोबर आहे आणि आपला कानही. ट्यूनर समान अंतरांचा गंधार दाखवतो, षड्जापासून ४०० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ सेंटवर असतो. ई-नाइनमध्ये तिसऱ्या आणि सहाव्या तारेवर जी-शार्प असतो, आणि तो ई-मेजरचा गंधारच आहे. एकट्याने वाजवताना तो साधारण १४ सेंट उतरवला की कॉर्ड गोड होतो. पेडल्स दाबल्यावर बी चढून येणारा सी-शार्प हा ए-मेजरचा गंधार होतो, त्यालाही हेच लागू आहे. पेटी मात्र ४०० वरच अडून बसते. तिच्याबरोबर गंधार ५-६ सेंटच उतरवावा आणि उरलेला समझोता कानाने दांडीवर करावा. सेंट दाखवणारा, शक्य तर स्ट्रोब पद्धतीचा ट्यूनर घ्यावा. अशा काही ट्यूनरमध्ये पेडल स्टीलसाठीची उतरवलेली जुळणी आधीच भरलेली असते. तो बफरनंतर आणि व्हॉल्यूम पेडलच्या अलीकडे लावावा, म्हणजे पाय मागे घेऊन श्रोत्यांना ऐकू न जाता, वाद्याची पेडल्स दाबलेल्या स्थितीतले स्वरही तपासता येतात.

प्रश्न : वेगळा अॅम्प घ्यावा की सरळ मिक्सरमध्ये जोडावे? अमेरिकेतील नातेवाईक जुना स्टील अॅम्प पाठवायला तयार आहेत. (एक वाचक, मुरूड)

उत्तर : अॅम्प मिळत असेल तर घ्यावा. स्टीलला आवाज फुटू न देणारी मोठी राखीव ताकद लागते, कारण पाय पूर्ण पुढे गेला तरी स्वर स्वच्छ राहायला हवा. गिटारसाठी १५-२० वॅट पुरतात, स्टीलसाठी फेंडरचा ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा आणि पीव्हीचा नॅशव्हिल ११२ हा ८० वॅटचा अॅम्प वापरला जातो तो यामुळेच. आवाज नाकात बोलल्यासारखा वाटला तर मध्यपट्टी ८०० हर्ट्झच्या आसपास थोडी कमी करून पाहावी. स्टीलसाठी बनवलेल्या अॅम्पवर त्यासाठी वेगळे बटण असते.

अमेरिकेतला अॅम्प १२० व्होल्टचा असतो, हे पार्सल उघडल्यावर नव्हे, ते मागवण्याआधी पाहावे. मागच्या पट्टीवर २३० व्होल्टची सोय नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो अॅम्पला लागणाऱ्या विजेच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा आणि तीन पिनांचा, अर्थिंग पुढे नेणारा असावा. बाजारातले दोन पिनांचे हलके डबे घेऊ नयेत. पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिले असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर अॅम्पचा ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो, तेव्हा मागची बाजू भिंतीला चिकटवू नये.

मिक्सरमध्ये थेट जोडायचेच झाले तर आधी बफर किंवा सक्रिय डीआय बॉक्स हवा, आणि वरचा भाग कापायला हवा. गिटारच्या स्पीकरचा आवाज साधारण ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. मांडवातल्या बॉक्समधली शिटी (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) तसे करत नाही, आणि प्रत्येक नखी टाचणीसारखी टोचते.

प्रश्न : पावसाळ्यात पेडलमधून खरखर येते, तारांवर डाग पडतात. गेल्या वर्षी व्हॉल्यूम पेडलची दोरीही तुटली. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, मालवण)

उत्तर : खाऱ्या वाऱ्यापुढे निकेलच्या तारांपेक्षा स्टेनलेस स्टीलच्या तारा अधिक टिकतात, आवाज थोडा जास्त टणक येतो, तो अॅम्पवर उतरवता येतो. वाजवून झाल्यावर तारा आणि दांडी कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात. जॅकवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर लावून प्लग दहा-वीस वेळा आत-बाहेर करावा. पॉटची खरखर त्याच क्लीनरने काही महिने थांबते, आणि ती परत परत येऊ लागली की पॉट बदलणे स्वस्त पडते. गंज थांबवण्याचे तेल पॉटमध्ये फवारू नये. पेट्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवाव्यात आणि पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्याव्यात.

दोरीची सोय आपल्या गावातच आहे. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात विणलेली बारीक दोरी मिळते, ती लावावी. तंगूस (नायलॉनचा एकेरी धागा) लावू नये, कारण तो ताणला जातो आणि पाय पुढे-मागे होताना आवाज उशिरा हलतो. दोरी पॉटच्या पुलीभोवती किती वेढे घेते आणि कोणत्या बाजूने निघते याचे छायाचित्र पेडल धड असतानाच मोबाइलवर काढून ठेवावे, आणि वीतभर जादा दोरी व लहान स्क्रू ड्रायव्हर वाद्याच्या पेटीतच टाकून ठेवावा.